शिवदास आणि त्याचे पट

शिवदास गावसबद्दल काही लिहून द्या, असं वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. आमची घरं गोव्यातल्या कुडण्यात, एकमेकांना लागून. त्याला मी रांगताना पाहिलंय. तरी त्याला ओळखत होतो असं म्हणायला मन धजत नाही. त्याने लग्न का केलं नाही हे मला माहीत नाही. केरीच्या खोलीत तो एकटा काय रांधून खायचा, आजारी पडला तर कोणाला सांगायचा, यातलं काही मी सांगू शकत नाही. ज्या खेळांत त्याने आयुष्य घातलं त्यांतले अर्धे मला शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. गावात त्याच्यासमोर पटाला बसणारी माणसं दोनच, मी आणि त्याची वहिनी सुमंगला. ती म्हणाली, "बाबलीभाऊ, मला नाही व्हायचं लिहिणं, तुम्ही लिहा." घरातली गोष्ट आहे म्हणून त्याचा थोरला भाऊ जयराम, त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "घडलं ते लिही." आमचं सगळ्यांचं बोलणं कोकणीत चालायचं. मी ते जमेल तसं मराठीत मांडतोय.

जयराम आणि शिवदास यांच्यात आठ वर्षांचं अंतर. त्यांच्या वसरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, दगडी बाक आहे, सोपो म्हणतात आमच्याकडे. त्या सोप्यावर कोळशाने रेघा ओढून जयरामने त्याला वाघ-बकरी शिकवली. वाघ म्हणजे खाणीवरच्या खनिजाचे काळे खडे, बकऱ्या म्हणजे काजूच्या बिया. वाघ कायम जयरामचे. मी बाजूला बसून बघत असे. शिवदास सहा-सात वर्षांचा असताना त्याने पहिल्यांदा वाघांना कोंडलं. जयरामने आपले खडे उचलले आणि म्हणाला, "पुढच्या वेळी तू वाघ घे." शिवदास म्हणाला, "नको. मला बकऱ्याच बऱ्या वाटतात."

मोठेपणी तो खाणीवर कामाला लागला. आलेल्या खनिजाचे नमुने फोडून, सुकवून तपासणीला पाठवायचे, असं काम. खाणी बंद पडल्या तेव्हा पुष्कळांची गेली तशी त्याचीही नोकरी गेली. कोणी ट्रक विकले, कोणी मुंबई गाठली. हा पेडण्याच्या टोकाला, केरीला गेला. तिथे समुद्राजवळ एका पाहुणेघरात त्याला हिशेब बघायचं, खोल्या द्यायचं काम मिळालं. तिथेच त्याला हे नवे खेळ भेटले. दर हिवाळ्यात एक जर्मन नवरा-बायको येत आणि येताना ट्रंक भरून खेळ आणत. संध्याकाळी त्यांना खेळायला तिसरा माणूस लागे. हा बसू लागला. जाताना ती दोघं एखादा खोका त्याच्यासाठी ठेवून जात. पुढे तो स्वतः मागवायला लागला.

हे खेळ आपल्या लुडो, सापशिडीसारखे नव्हेत. फासे असले तरी नशिबावर सगळं सोडलेलं नसतं. डोकं चालवावं लागतं आणि समोरच्याचं डोकं कुठे चाललंय तेही ओळखावं लागतं. एकेका खेळाचे नियम म्हणजे छोटं पुस्तकच. शिवदास ते वाचून मला समजावून सांगायचा. मला कळलं नाही तर चिडायचा नाही, पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करायचा. मात्र मुद्दाम हरून त्याने मला कधी खूश केलं नाही. मी एकदा म्हटलं, "म्हाताऱ्याला एखादा डाव सोड मरे." तर म्हणाला, "सोडला तर तुझ्याशी खेळलो असं कसं होईल, बाबलीदा?"

समुद्राच्या दमट हवेने पुठ्ठे फुगतात, पानांना बुरशी धरते. तो प्रत्येक पानाला पातळ प्लास्टिकची पिशवी घालायचा. पावसाळ्यात पाहुणेघर रिकामं असायचं. तेव्हा तो सगळे खोके बाहेर काढून पुसायचा आणि चुलीपासून लांब, पण ऊब लागेल अशा जागी मांडायचा. वहिनी म्हणायची, "भावजी, एवढी काळजी बायकोची केली असतीत." तो हसायचा आणि पुढचा खोका पुसायला घ्यायचा.

खेळापायी तो पुष्कळ फिरला. बंगळूर, पुणे. तिथे म्हणे पन्नास-साठ अनोळखी माणसं एका हॉलमध्ये दिवसभर पटांभोवती बसतात. एकदा मलाही घेऊन गेला, बदामीला. बेळगावपर्यंत एक बस, पुढे दुसरी. मला वाटलं देवळं बघायची. हा देवळात शिरला तो खाली बघत. जुन्या फरशीवर कोणीतरी कोरलेले पट शोधत होता. एक सापडला तर पोटावर आडवा होऊन त्याने बोटाने सगळ्या रेघा चाचपल्या. मग खिशातून खडे काढून म्हणाला, "बस." आम्ही तिथे एक डाव खेळलो. नियम कोणते होते ते कोणालाच आता माहीत नाही, तर त्याने आमच्या वाघ-बकरीचेच लावले. मधेच म्हणाला, "ज्यांनी हे कोरलं त्यांच्यातला एक कोणीतरी तेव्हा हरून घरी गेला असेल." 

आणि मग जर्मनी. तिथे एसन नावाच्या शहरात दरवर्षी खेळांचा मोठा बाजार भरतो. त्या नवरा-बायकोने बोलावलं, राहायची सोय केली. कोविडच्या आदल्या वर्षाची गोष्ट. त्याची आई तेव्हा थकलेली होती, पण हिंडती-फिरती. तीच म्हणाली, "जा, बघून ये. मी कुठे जात नाही."

तो तिकडे असतानाच आई गेली. पहाटे उठून पाणी प्यायली आणि पुन्हा आडवी झाली, ती उठलीच नाही.

आमच्याकडे बापाला थोरल्याने अग्नी द्यायचा आणि आईला धाकट्याने. जयरामने फोन लावला. लागत होता, कोणी उचलत नव्हतं. शिवदासने फोन आदल्या रात्रीच आवाज बंद करून पिशवीत टाकला होता आणि पिशवी त्या बाजारातल्या सामान ठेवायच्या जागी. आत तो कोणता तरी नवा खेळ खेळत बसला होता. जयराम फोन लावतच राहिला. शिवदास येऊ शकणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्याने सांगावं की दादा, तू दे, एवढ्यासाठी जयराम थांबला होता. ऊन कलायला लागलं, भटजी म्हणाले आता उशीर नको. जयरामने अग्नी दिला. शिवदासचा फोन आला तेव्हा आम्ही आंघोळ करून परतलो होतो.

तो आला तोवर अस्थीही गोळा झाल्या होत्या. बाराव्याच्या दिवशी सगळे पाहुणे असताना जयराम त्याला एवढंच म्हणाला, "तिला आग द्यायचा मान तुझा होता. तू खेळत होतास." त्यानंतर तो शिवदासशी बोलला नाही.

आमच्या भागात भाऊ वेगळे झाले तरी गणपती वेगळा होत नाही. मूळ घरात एकच मूर्ती, आणि चवथीला सगळ्यांनी तिथेच यायचं. मग भांडण असो, काही असो. चुली वेगळ्या पेटतात, नैवेद्याची पानं वेगळी वाढतात, देव एक. त्यामुळे शिवदास दरवर्षी चवथीला घरी यायचा. मागच्या खोलीत स्टोव्हवर स्वतःचा भात शिजवायचा आणि आपलं पान देवापुढे ठेवायचा. सुमंगला नवऱ्याच्या नजरेआड भाज्यांच्या खतखत्याची वाटी त्याच्या पानात सरकवायची. जयरामला ते दिसायचं. तो छताकडे बघायचा.

त्या दिवसांत मधला माणूस मी.

"बाबली, त्याला सांग माटोळीला दोरी कमी पडते."

देवावर टांगायच्या फळांची ती चौकट धरून शिवदास जयरामच्या हाताच्या अंतरावर उभा असायचा. तो म्हणायचा, "बाबलीदा, दोरी कपाटावर आहे म्हणून सांग."

"ऐकलं मी. बहिरा नाही."

"बहिरा नाही म्हणतो," असं मी सवयीने शिवदासला सांगायचो आणि सुमंगला तोंडाला पदर लावून आत पळायची.

हसण्यासारखंच होतं ते. पण वर्षामागून वर्ष गेलं तसं हसू येईना. एकदा मी केरीला त्याच्याकडे गेलो होतो. तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर आम्ही बसलो होतो. मी म्हटलं, "तू माफी का मागत नाहीस?" तो म्हणाला, "मागितली. पत्रही पाठवलं. तो रागावला असता तर बरं होतं. मला आता दुसरं काही नको, बाबलीदा. दादाने एकदा मला शिवा म्हणावं. शिवी घातली तरी चालेल. पण मला घालावी, तुझ्याकरवी नको."

त्याच्या मनातलं त्याने मला सांगितलेलं हे एवढंच.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याला आवडणारे खेळ मी पाहिले. एक होता रंगीत फरशांचा. पणजीच्या जुन्या घरांच्या भिंतींवर त्या निळ्या पोर्तुगीज फरशा असतात ना, तशा जाड चौकोनी फरशा उचलून आपली भिंत सजवायची. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे हातात धरता येणारी, डोळ्यांना दिसणारी ती फरशी मला बरी वाटायची. दुसरा पक्ष्यांचा. त्यातली इवलीशी रंगीत अंडी सुमंगलाला फार आवडायची. डाव संपला तरी ती हातात घोळवत बसायची. आणि तिसरा बेटाचा. शेवटच्या चवथीला त्याने आणला तो हा.

यात पट नसतो. लहान चौकोन जवळजवळ मांडून एक बेट करायचं. आपली सोंगटी त्यावर चालवायची आणि चार ठेवी गोळा करायच्या. तोवर पाणी चढत राहतं. एकेक चौकोन बुडतो आणि कायमचा जातो. ठेवी मिळाल्या की सगळ्यांनी एका ठरलेल्या चौकोनावर जमायचं आणि कोणीतरी हेलिकॉप्टरचं पान टाकायचं, की सुटलो. मेख अशी की एकमेकांविरुद्ध कोणीच खेळत नाही. एक जरी मागे राहिला तरी सगळे हरले. त्यामुळे हातातली पानं उघडी ठेवून, बोलून, सल्लामसलत करून खेळायचं.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शिवदास, सुमंगला आणि मी वसरीत बेट मांडून बसलो होतो. जयराम झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे तोंडासमोर धरून होता. डाव रंगात आला, तीन ठेवी मिळाल्या आणि आतून कोणीतरी ओरडलं की तेल तापलं. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या होत्या. सुमंगला उठली, तिने आपली पानं सरळ जयरामच्या हातात कोंबली.

"धरा हे. येते मी."

"मी काय करू याचं?"

"खेळा! डोकं आहे ना?"

जयराम झोपाळ्यावरूनच खेळू लागला. पानं त्याने छातीशी घट्ट धरली होती. तो सांगायचा, मी सोंगटी हलवायचो आणि गड्डीतली नवी पानं पालथीच त्याच्या हाती द्यायचो. खेळ त्याला लवकर समजला, निदान आम्हाला तसं वाटलं. चौथी ठेवही मिळाली. आम्ही सगळे त्या ठरलेल्या चौकोनावर येऊन ठेपलो. पाणी अगदी वर आलं होतं. आता फक्त ते एक पान हवं होतं.

शिवदास माझ्याकडे बघून म्हणाला, "बाबलीदा, विचार, हेलिकॉप्टरचं पान आहे का."

मी विचारलं.

जयरामने मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला सारलं. "बाबली, त्याला सांग, दुसऱ्याची पानं विचारायची नसतात. एवढं जग फिरून आला, हे नाही शिकला?"

 माझी पाळी गेली. पुढचं पान उलटलं ते आमच्याच चौकोनाचं. तो बुडाला आणि त्याच्यावरच्या तिन्ही सोंगट्या बुडाल्या. डाव संपला.

सुमंगला झारा हातात घेऊनच बाहेर आली. नवऱ्याच्या हातातली पानं तिने ओढून बघितली.

"अहो, हे काय! हे पान तुमच्या हातात होतं!"

"मग? पानं दाखवतात का कोणी?"

"सगळे एका बाजूला आहेत हो यात!"

"सगळे एका बाजूला? मग हरवायचं कोणाला?"

"पाण्याला!" ती म्हणाली. "पाण्याला हरवायचं. सगळ्यांना बुडवलंत."

जयराम त्या पानाकडे बघत राहिला. आम्हीही हसलो नाही. आयुष्यभर तो पत्ते खेळला होता, सोप्यावर, देवळाच्या ओट्यावर. पानं छातीशी धरायची ही त्याच्या हाताची सवय. आणि एक शब्द बोलला असता तर सवय मोडली असती, पण तो शब्द ज्याच्याशी बोलायचा त्याच्याशीच बोलणं बंद होतं.

शिवदासने चौकोन गोळा केले. खोका बंद करताना मला हळू आवाजात म्हणाला, "चूक माझी झाली. मी विचारायला हवं होतं."

"विचारलंस की."

"तुझ्याकरवी विचारलं."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी गेलो तेव्हा जयराम झोपाळ्यावर नव्हता. वसरीत चटईवर बसला होता, गुडघे दुखतात त्याचे, एक पाय लांब करून. मला बघून म्हणाला, "बाबली, मांडायला सांग." मी तोंड उघडायच्या आत शिवदास खोका आणायला उठला होता.

चौघं बसलो. जयरामने या वेळी पानं चटईवर उलगडून ठेवली. पहिल्या काही पाळ्या सुमंगलाच बोलत होती. आम्ही बाकीचे हूं, हूं करत होतो. मग शिवदासची पाळी आली.  त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्याकडे काय आहे?"

सुमंगलाने देवापुढच्या समईकडे मान वळवली. मी माझी पानं सारखी करत बसलो. जयराम पानांकडे बघत होता. मला वाटलं, तो उठणार.

"समोर तर आहेत," तो म्हणाला. "बघ."

शिवदासने वाकून बघितली. खेळ पुढे चालू झाला. थोड्या वेळाने जयरामची सोंगटी जिथे होती त्याच्या आजूबाजूचे चौकोन एकेक करून बुडाले. त्याला कुठे जायला जागा उरली नाही. दुसऱ्याची सोंगटी हलवायची मुभा त्या डावात शिवदासला होती. जयरामने बोटाने आपली सोंगटी दाखवली.

"शिवा," तो म्हणाला, "मला काढ इथून. पाणी आलं."

शिवदासने ती सोंगटी उचलली. ती एकदा हातातून पडली. उचलून त्याने ती आपल्या शेजारी ठेवली. त्यापुढे डाव जिंकलो की हरलो ते मला आठवत नाही. सुमंगला म्हणते जिंकलो. जयराम म्हणतो, कुठे, हरलो.

त्यानंतर दोघं मांडीला मांडी लावून बसले, रडले, असं काही झालं नाही. आईचा विषय निघाला नाही, निदान माझ्यासमोर. पण विसर्जनाला मूर्ती उचलताना जयरामने "शिवा, तू मागून धर" असं म्हटलेलं मी ऐकलं. मागच्या खोलीतला स्टोव्ह पेटला नाही. दरवर्षी विसर्जन झालं की दुसऱ्या सकाळी केरीची बस पकडणारा शिवदास त्या वर्षी राहिला. पाहुणेघरात फोन करून त्याने आणखी रजा मागून घेतली.

त्याच रजेत एका सकाळी तो साखळीच्या बाजारात गेला. बेकरीसमोर उभा असताना छातीत कळ येऊन खाली बसला. लोकांनी उचलून नेलं, पण तो वाटेतच गेला होता.

अग्नी कोणी द्यायचा यावर थोडी कुजबुज झाली. थोरल्याने धाकट्याला द्यायची रीत नाही, एखाद्या पुतण्याला पुढे करा, असं काहीजण म्हणाले. जयरामने कोणाचं ऐकलं नाही. मडकं खांद्यावर घेऊन तो तीन फेरे चालला, तो दुखरा पाय ओढत. घरी परतताना वाटेत एका जागी थांबून त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "आईचा त्याने द्यायचा होता, मी दिला. आणि आता हाही मीच."  थोडं चालून म्हणाला, "बाजारात मी पाठवला त्याला, बाबली."  

नंतर तो टेम्पो घेऊन केरीला गेला आणि सगळे खोके घरी घेऊन आला. वसरीत एका कपाटात ते लावले आहेत. उघडत नाही कोणी. पावसाळ्यात सुमंगला पुसते.

तो बाजारात गेला त्या सकाळी मी अंगणात दात घासत होतो. शिवदास पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडत होता. केस विंचरलेले, धुतलेला सदरा.

"सकाळी सकाळी कुठे रे?" मी विचारलं.

"साखळीला. दादाने बेकरीतले उंडे आणायला सांगितलेत." मग जरा थांबून म्हणाला, "तुला आणू?"

"दोन आण," मी म्हटलं. "करकरीत बघून घे."

"बरं," तो म्हणाला.